बटाटा श्वास कसा घेतो? केंब्रिजमध्ये जाऊन हे शोधणाऱ्या कमला सोहोनी यांची गोष्ट

वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पहाटे गेलात, तर गाळ्यागाळ्यापुढे गोण्यांच्या थप्प्या दिसतात. ट्रकमधून माथाडीच्या पाठीवर, पाठीवरून गाळ्यात, असा सगळा खेळ चाललेला असतो. त्यात एखादा वेफर्सवाला येतो आणि भाव विचारायच्या आधी माल कोल्ड स्टोरेजचा आहे का, गोड तर लागत नाही ना, याची खात्री करून घेतो. गोड बटाट्याचे वेफर्स तळताना काळपट पडतात, हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

पण बटाटा गोड होतोच कसा? तर गोणीत पडलेला बटाटा जिवंत असतो. तो श्वास घेतो, पोटातला साठा हळूहळू खर्च करतो आणि थंडी फार झाली की त्यातल्या स्टार्चची थोडी साखर करून ठेवतो.

बटाट्याच्या या श्वासावर १९३८-३९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये एक मराठी मुलगी काम करत होती. कमला भागवत तिचं नाव. लग्नानंतर जग त्यांना डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखू लागलं. दुर्गाबाई भागवतांचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, त्यांच्या या धाकट्या बहिणीचं मात्र तेवढं पोचलं नाही.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ, काका माधवराव भागवतही रसायनशास्त्रज्ञ. दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून शिकून आलेले. ज्या घरात वडील आणि काका रसायनांच्या गप्पा मारतात, त्या घरातल्या हुशार मुलीने पुढे कुठे जायचं हे जवळपास ठरलेलंच होतं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, सोबत भौतिकशास्त्र. मग त्यांनी बंगळुरूला अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला.

संस्थेचे संचालक त्या वर्षी कोण होते? सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, देशाच्या गळ्यातला ताईत. नकाराचं कारण गुणांचं नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच कारण होतं.

इथे दुसरी एखादी मुलगी रडून घरी बसली असती आणि त्यात तिचा काही दोषही नसता. कमला भागवत बंगळुरूला जाऊन थेट रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह हा शब्द हवेत होता आणि त्यांनी तोच मार्ग धरला. नकाराचं कारण पटण्यासारखं मिळेपर्यंत त्या हलायला तयार नव्हत्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं, वर्षभराचं काम पाहून पुढचं ठरणार होतं. मार्गदर्शकांनी सांगितलं तर रात्रीही काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही! लक्ष विचलित होणाऱ्यांवर मात्र कुठली अट नव्हती.

त्यांनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीस इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशनने त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्यांनी हा विषय काढला. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे कबूल करून, स्त्रियांच्या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं, हे त्यांनी साठेक वर्षांनंतर भर कार्यक्रमात सांगितलं. ही संघटना १९७३ मध्ये मुंबईतल्या शास्त्रज्ञ स्त्रियांनी स्थापन केली. तिचं मुख्यालय आज वाशीत, सेक्टर १०-ए मध्ये आहे. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे आणि लहान मुलांसाठी पाळणाघरही. संशोधन करणाऱ्या बाईला मायक्रोस्कोपइतकीच या दोन गोष्टींची गरज असते, हे ओळखायला बहुधा शास्त्रज्ञ बायकाच लागतात.

बंगळुरूला त्यांना मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांच्यातल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांची तक्रार उरली नव्हती. पुढे संस्थेचे दरवाजे इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. केलं आणि १९३७ च्या अखेरीस त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या.

केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालवत होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेला माणूस. प्रयोगशाळेत जागेची इतकी टंचाई, की डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल दिवसा कमलाबाईंना कामाला दिलं. रात्री तो स्वतः त्याच टेबलावर झोपायचा, असं सांगतात. एका नोबेल विजेत्याने दार लावून घेतलं होतं आणि दुसऱ्या नोबेल विजेत्याच्या प्रयोगशाळेत लोक टेबल वाटून घेत होते.

रिश्टर तिथून गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. हिल वनस्पतींवर काम करायचे. आणि इथे आपला बटाटा गोष्टीत येतो.

आता जरा वाशीच्या त्या गोणीकडे परत जाऊ. बटाट्याच्या पेशी स्टार्चच्या बारीक दाण्यांनी भरलेल्या असतात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ. ग्लुकोजचा एक मणी म्हणजे सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन. कार्बन आणि पाण्याचा हा हिशोब बघूनच या सगळ्या कुळाला कार्बोहायड्रेट, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत कर्बोदके, असं नाव पडलं. शेकडो-हजारो मणी एकापुढे एक जोडले की स्टार्च होतो. त्याचे दोन प्रकार असतात. एक सरळ माळ, जी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी झाडासारखी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. बटाट्यात दुसरीचा वाटा जास्त असतो.

आयोडीनचा थेंब टाकल्यावर बटाटा निळा-काळा होतो हा शाळेतला प्रयोग आठवतो ना? त्या गुंडाळलेल्या माळेच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं, म्हणून तो रंग येतो.

आणि ही गंमत बघा. बटाटा ज्या तागाच्या गोणीत भरलेला असतो, ती गोणीही मुख्यतः ग्लुकोजचीच असते! तागाच्या धाग्यातलं सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तेच, फक्त दोन मणी जोडणारा दुवा वेगळ्या कोनात बसलेला. स्टार्चमध्ये तो दुवा असा असतो की माळ गुंडाळली जाते, म्हणून ती दाण्यात नीट साठवता येते आणि आपल्या लाळेतलं एन्झाइम ती तोडू शकतं. सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा बसतो, माळ ताठ सरळ राहते, शेजारच्या माळांना घट्ट चिकटते आणि दोरखंडासारखी मजबूत होते. तिचा दुवा तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. म्हणून बटाटा आपण खातो आणि गोणी घडी करून ठेवतो.

बटाट्याने साखरेचा साठा सुट्या ग्लुकोजच्या रूपात का नाही केला? कारण सुटं ग्लुकोज पाण्यात विरघळतं आणि पेशीत बाहेरचं पाणी ओढून घेतं. एवढी साखर सुटी ठेवली असती तर पेशी फुगून बसल्या असत्या. स्टार्चचा दाणा तसाच पडून राहतो. हवे तेव्हा चार मणी तोडायचे, बाकीचे ठेवायचे.

तोडलेल्या मण्याचं पुढे काय होतं? हा प्रश्न १९३० च्या दशकात जीवरसायनशास्त्रातला सगळ्यात गरम प्रश्न होता. ग्लुकोज पेटवलं तर भस्सकन जळतं. पेशी तेच ग्लुकोज जाळते, पण मंद, पायरीपायरीने. ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि हातोहात पुढे दिले जातात, विहिरीवरून पाण्याच्या कळश्या रांगेतून पुढे सरकाव्यात तसे. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा मोकळी होते आणि पेशी तिच्यावर जगते.

या रांगेच्या शेवटाजवळ एक छोटं प्रथिन उभं असतं, सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो त्याच जातीच्या चौकटीत बसवलेला. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढच्या एन्झाइमला द्यायचा, एवढंच त्याचं काम. एका ग्लुकोजमधून असे चोवीस इलेक्ट्रॉन निघतात आणि चोवीसही सायटोक्रोम सीच्या हातून जातात. पुढचं एन्झाइम म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेझ. सायनाइड माणसाला मारतं ते याच एन्झाइमला अडवून.

सायटोक्रोम पाहायचे कसे? केंब्रिजमध्येच डेव्हिड किलिन यांनी १९२५ मध्ये ती युक्ती दाखवली होती. पेशींतून प्रकाश जाऊ द्यायचा आणि त्याचा वर्णपट पाहायचा. इलेक्ट्रॉन हातात असलेला सायटोक्रोम वर्णपटात काळ्या रेघा सोडतो. हवा मिसळून ढवळलं की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि रेघा पुसल्या जातात. कीटक आणि यीस्टमध्ये हे दिसलं, वनस्पतींतही खुणा मिळाल्या. पण वनस्पतींचा श्वास खरोखर याच रांगेतून चालतो का, की त्यांची व्यवस्था निराळी, हा वाद उरला होता. हिरव्या पानात तर क्लोरोफिलचाच रंग एवढा दाट, की बाकीच्या रेघा त्यात हरवून जातात. बटाट्याच्या गरात ही अडचण नाही.

कमलाबाईंनी बटाट्याच्या गरावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि तो श्वसनात भाग घेतो हे दाखवलं. १९३९ मध्ये फुलझाडांच्या कुळातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेझवरचा हिल आणि भागवत यांचा लेख नेचर या नियतकालिकात छापून आला. म्हणजे ग्लुकोज जाळण्याच्या बाबतीत बटाटा, यीस्ट आणि तो बटाटा पाठीवरून वाहणारा माथाडी, तिघांच्या पेशी एकाच पद्धतीने चालतात.

याच कामावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. अवघ्या चौदा महिन्यांत आणि अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर. पीएच.डी.चा प्रबंध जाडजूड असावा लागतो असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा कमलाबाईंचा उल्लेख सगळीकडे होतो. तो वाचताना एक नाव डोळ्यांपुढे असू द्यावं, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ. त्यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टरेट दिली होती. पहिली कोण या भांडणात दोघींपैकी कुणाचंच काम लहान होत नाही.

केंब्रिजला राहण्याची सोय होती, नाव झालं होतं. तरी १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. तिथून तमिळनाडूत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या, जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ मध्ये विमागणिती माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, काळा घोड्याजवळच्या त्या दगडी इमारतीत, त्यांचं पुढचं सगळं काम झालं.

इथे त्यांच्या संशोधनाचा रोख बदललेला दिसतो. केंब्रिजमधला प्रश्न कुठल्याही पेशीचा होता. मुंबईतला प्रश्न होता गरीब माणसाच्या ताटाचा. स्वस्तात मिळणाऱ्या अन्नात नेमकं आहे काय आणि अडतंय कुठे?

कडधान्यांचं बघा. कच्च्या कडधान्यात काही पदार्थ असे असतात, की ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवतात आणि मग डाळीतली प्रथिनं नीट पचत नाहीत. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डबल बीसारख्या कडधान्यांतले हे अडथळे शोधले. वालातलं आणखी एक प्रथिन त्यांच्या प्रयोगशाळेत अभ्यासलं गेलं, रक्ताच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारं. असं प्रथिन गुठळ्या करतं ते साखरेला पकडून. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. ए आणि बी या रक्तगटांतला फरकसुद्धा टोकाच्या एका साखरेचाच. साखर म्हणजे फक्त इंधन असं आपल्याला वाटतं, पण पेशीच्या अंगावर ती ओळखपत्राचं काम करते. कडधान्यांतली ही प्रथिनं तेच ओळखपत्र पकडतात आणि दोन पेशींना एकमेकींना चिकटवतात. चांगलं शिजवलं की ती निकामी होतात. रायगडात थंडीत पोपटी लावतात तेव्हा मडक्यातल्या शेंगांना भरपूर आच मिळते, आणि घराघरांत वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवूनच बिरडं होतं. आज्यांनी शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण कच्चे वाल पोटाला बाधतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग नीरा. ताड, माड आणि शिंदीच्या झाडातून रात्रभर पाझरणारा रस. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. त्या काळी हा साधा विषय नव्हता. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. झाड तेच, मडकं तेच, पण पहाटे उतरवलेला रस म्हणजे नीरा आणि काही तासांनी तोच रस म्हणजे ताडी. एक पेय म्हणून चालणार, दुसऱ्यासाठी पोलीस येणार.

फरक होतो तो साखरेचा. ताज्या नीरेतली साखर मुख्यतः सुक्रोज असते, आपल्या डब्यातलीच साखर. ग्लुकोजचा एक मणी आणि फ्रुक्टोजचा एक मणी यांची जोडी. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट रसात शिरतं, एका एन्झाइमने ती जोडी फोडतं आणि सुटे मणी खाऊन त्यांचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. फेस येतो तो त्याच वायूचा. ऊन चढेल तसा हा कारभार वेग घेतो. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, रस थंड ठेवतात आणि नीरा सकाळीच पितात.

कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं गेलं. नीरा आटवून केलेल्या गुळातही यातलं बरंचसं टिकतं असं दिसून आलं. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गरोदर बायका यांना नीरा दिल्याने फायदा होतो, हेही या कामातून पुढे आलं. ज्या पाड्यावर दूध पोचत नाही तिथे ताडाचं झाड उभंच असतं, हा त्यातला मुद्दा होता. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अर्थात नीरा म्हणजे साखरेचं पाणीच. मधुमेह असलेल्यांनी ती औषध समजून पिऊ नये.

आरे दूध प्रकल्पालाही त्या गुणवत्तेबाबत सल्ला देत होत्या.

एवढं सगळं करूनही इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांच्यापर्यंत पोचायला चार वर्षांचा उशीर झाला. पात्रतेचा प्रश्न नव्हता. १९३३ मध्ये बंगळुरूला जे कारण होतं तेच इथेही आडवं आलं, फक्त या वेळी कुणी तोंडावर सांगितलं नाही. पुढे पद मिळालं आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक ठरल्या.

निवृत्तीनंतर त्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात रमल्या. मुंबईत १९६६ मध्ये सुरू झालेली ही ग्राहक संघटना. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत होत्या. खव्यात स्टार्च मिसळलाय का हे घरच्या घरी ओळखायचं असेल, तर आयोडीनचा एक थेंब पुरतो. निळा रंग आला की समजायचं, दुकानदाराने मिठाईत पिठाची माळ घातली आहे.

१९९८ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८ जून २०२३ ला, त्यांच्या जन्मदिनी गूगलने डूडल केलं, आणि त्या सकाळी अनेकांनी कमला सोहोनी हे नाव पहिल्यांदाच सर्च केलं.